बाटलीत खत नाही, मग पीक पोसते कशाने?

गेल्या जूनमध्ये, मृग लागायच्या सुमारास, माझा भाचा देपालपूरहून इंदूरला आला तो एक लिटरची काळी बाटली बरोबर घेऊनच. त्यांची सहा एकर जमीन सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या रूपांतरण काळात आहे, त्यामुळे युरिया आणि डीएपी बंद झाले आहेत. शेणखत जेमतेम पुरते आहे आणि पीक थोडे फिके दिसले की दुकानदार काहीतरी हातात ठेवतो. या वेळी ठेवले होते ते ‘टॉनिक’. रामबागेतल्या आमच्या घरी बसून त्याने लेबल दोनदा वाचले आणि विचारले, “मामा, यात नत्र, स्फुरद, पालाश काहीच लिहिलेले नाही. मग हे पिकाला देते तरी काय?”

प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे उत्तर ‘काहीच देत नाही’ असे दिले तरी ते बऱ्याच अंशी खरे ठरले असते. बाजारात ज्यांना टॉनिक म्हणतात त्यांपैकी पुष्कळ पदार्थांचे शास्त्रीय नाव बायोस्टिम्युलंट, म्हणजे जैव उत्तेजक, असे आहे. खताची ओळख त्यात कोणते अन्नद्रव्य किती टक्के आहे यावरून होते. जैव उत्तेजकाची ओळख तो पदार्थ वनस्पतीकडून काय करवून घेतो यावरून होते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २३ फेब्रुवारी २०२१ रोजी दुरुस्ती होऊन जैव उत्तेजकांना प्रथमच कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यातील व्याख्येचा आशय असा की, जो पदार्थ किंवा सूक्ष्मजीव वनस्पतीला, बियाण्याला किंवा मुळांभोवतीच्या मातीला दिल्यावर वनस्पतीच्या शरीरक्रियांना चालना देतो आणि अन्नद्रव्यांचे शोषण, वाढ, उत्पादन, गुणवत्ता किंवा ताण सोसण्याची क्षमता सुधारतो, तो जैव उत्तेजक होय, मग त्याच्या अंगात अन्नद्रव्य किती आहे हा मुद्दा गौण आहे. कीडनाशके आणि वनस्पतिवाढ संजीवके यांना या व्याख्येतून मुद्दाम बाहेर ठेवले आहे, कारण त्यांच्यासाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे.

भाच्याला मी इंदुरी दाखला दिला. सकाळी पोह्यांवर जिरावण हा मसाला भुरभुरतो, त्याने पोहे चार घास जास्त जातात, तोंडाला चव येते, पचनालाही मदत होते. पण ताटात पोहेच नसतील तर नुसते जिरावण खाऊन कोणाचे पोट भरलेले नाही. दाखला घरगुती असला तरी पुढचे सारे विवेचन त्याच्याच आधाराने करता येते. पहिला प्रश्न असा की आपल्या जमिनीच्या ताटात मुळात काय वाढलेले आहे, आणि पिकाला ते खाता का येत नाही.

माळव्यातील काळी माती गरीब नाही. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण भरपूर, ओलावा धरून ठेवण्याची ताकद मोठी आणि पालाशचा साठा बहुतेक ठिकाणी चांगला असतो. नत्राची मात्र तिच्यात चणचण असते. तिचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, म्हणजे अल्कधर्मी, असतो आणि अनेक शेतांत खाली चुनखडीचे खडे सापडतात. अशा मातीत स्फुरद कॅल्शियमशी जखडून बसतो, तर जस्त आणि लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात पडून राहतात. माती परीक्षणात एकूण साठा काढला तर ही द्रव्ये दिसतात, पण मुळाला ती घेता येतील अशा स्वरूपात फारच थोडी असतात. जुलैतील झड संपल्यावर कितीतरी ठिकाणी सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा मातीत लोह नसते असे नाही. पाणी साचल्याने आणि चुन्याच्या परिणामाने मुळाला ते मिळत नसते. (नत्र कमी पडले असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. हा फरक ओळखला तरी चुकीच्या बाटलीवरचा खर्च वाचतो.)

मूळ अन्न घेते ते कसे, हे येथे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. मूळ म्हणजे पाणी वर ओढणारी नुसती नळी आहे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या आवरणात प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात, आणि ते पेशीतील ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे धनभारित कण बाहेर मातीत सोडतात. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. मुळालगतच्या अगदी पातळ थरात आम्लता वाढते आणि जखडलेले स्फुरद, लोह, जस्त थोडेथोडे सुटू लागतात. शिवाय पेशीच्या आतबाहेर विद्युत्भाराचा फरक तयार होतो, आणि त्या फरकाच्या जोरावर नायट्रेट, पालाश यांसारखी द्रव्ये ठरावीक दारांतून आत घेतली जातात. सोयाबीन, हरभरा ही द्विदल पिके आम्लता वाढवून आणि लोहाचे रूप बदलून ते आत घेतात. गहू मात्र मुळातून लोहाला कवेत घेणारी खास द्रव्ये बाहेर सोडतो आणि ती लोहासकट परत आत ओढतो. म्हणजे अन्न मिळवण्यासाठी झाडाला स्वतः खर्च करावा लागतो, आणि तो पेलण्याची ताकद कमी पडली तर मातीत असलेले अन्नही त्याला मिळत नाही.

स्फुरदाची अडचण आणखी वेगळी आहे. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते, स्फुरद मात्र जागचा जवळजवळ हलत नाही. मुळाने आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद उचलला की तेथे रिकामे कडे तयार होते आणि पुढचा स्फुरद त्या कड्यापलीकडे राहतो. शेतकरी पांढऱ्या मुळीला इतके महत्त्व देतात ते याच कारणाने, कारण नवी मुळी फुटली तरच नव्या मातीपर्यंत पोहोचता येते. पीक पाहताना आपण वरचा हिरवेपणा पाहतो, पण पिकाचे पोषण ठरते ते या कोवळ्या मुळ्यांच्या पसाऱ्यावर.

जैव उत्तेजकांचे काम नेमके येथे सुरू होते. ह्युमिक आणि फुल्विक आम्ले ही कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातील गडद द्रव्ये आहेत. बाजारातील ह्युमिक बहुधा लिओनार्डाइट किंवा लिग्नाइट या कोळशासारख्या खनिजांपासून अल्काच्या साहाय्याने काढलेले असते. ही द्रव्ये मुळांच्या पेशींतील त्या हायड्रोजन पंपांना चालना देतात आणि बाजूच्या मुळ्या फुटण्यास मदत करतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. त्यांचा परिणाम काही बाबतींत ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकासारखा असतो. शिवाय ती लोह आणि जस्ताला धरून ठेवून विरघळलेल्या स्वरूपात मुळापर्यंत नेऊ शकतात. मात्र ज्या शेतात दरवर्षी चांगले कुजलेले खत पडते, तेथे ही द्रव्ये मातीतच तयार होत असतात आणि वरून दिलेल्या दोन लिटरचा फरक दिसणे अवघड होते.

येथे माझा एक फसलेला प्रयोग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी लसणाला ठिबकमधून ह्युमिक द्यायचे ठरवले आणि आदल्या रात्रीच बोअरच्या पाण्यात ते कालवून ड्रम भरून ठेवला. आमच्या बोअरचे पाणी इतके जड की पातेल्याला पांढरा थर धरतो. सकाळी ड्रमच्या तळाशी काळा साका बसला होता, वरचे पाणी चहासारखे फिके झाले होते आणि दुपारपर्यंत दोन नळ्यांचे ड्रिपर बंद पडले. पाण्यातील कॅल्शियमने ह्युमिकला गोळा करून खाली बसवले होते. तेव्हापासून मी आधी काचेच्या ग्लासात त्याच पाण्याने तेच प्रमाण करून तासभर थांबतो.

दुसरा मोठा गट समुद्री शैवालाच्या अर्काचा आहे. उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरील ॲस्कोफायलम हे तपकिरी शैवाल जगभर वापरले जाते. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणारे कॅपाफायकस हे शैवाल आणि ताज्या कॅपाफायकसचा रस काढण्याचे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेचे तंत्र प्रसिद्ध आहे. या अर्कांत सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकासारखी क्रिया असणारी द्रव्ये, बीटेन, मॅनिटॉल आणि शैवालातील विशिष्ट शर्करा असतात. त्यांचा ठळक उपयोग ताणाच्या काळात होतो. पावसाने ओढ दिली, थंडीची लाट आली, किंवा रोप एका जागेवरून दुसऱ्या जागी लावले की झाड काही दिवस आखडून बसते, आणि तो काळ कमी होण्यास मदत होऊ शकते. ज्या वर्षी पाऊस वेळेवर आणि पुरेसा पडला त्या वर्षी फवारणी केलेले आणि न केलेले शेत सारखेच दिसले तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

अमिनो आम्ले आणि प्रथिनांचे तुकडे असलेली द्रावणे हा तिसरा गट. ती सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून किंवा कातडी, पिसे अशा प्राणिजन्य पदार्थांपासून बनवतात, आणि लेबलावर उगम पाहूनच ती घ्यावीत. घरच्या घरी करता येणारा सर्वांत सोपा अर्क शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा. पाला ठेचून, रस गाळून, सुमारे तीसपट पाणी घालून तो त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचा असतो. शेवग्याच्या पानांत झिएटिन हे सायटोकायनिन चांगल्या प्रमाणात असते. रस शिळा झाला की त्याचा उपयोग कमी होत जातो, म्हणून तो साठवून विकण्याची वस्तू नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही.

सूक्ष्मजीवांचा गट मला सर्वांत भरवशाचा वाटतो. आपल्या कायद्यात रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि मायकोरायझा यांची नोंद जैविक खते म्हणून वेगळी होते, पण काम पाहिले तर शास्त्रज्ञ त्यांनाही याच कुटुंबात बसवतात. मायकोरायझा ही बुरशी मुळाच्या पेशींत घर करते आणि केसाहून कितीतरी बारीक तंतू मातीत काही सेंटिमीटरपर्यंत पसरवते. वर सांगितलेले स्फुरदाचे रिकामे कडे ती ओलांडून जाते, पलीकडचा स्फुरद आणि जस्त आणून मुळाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. हा व्यवहार प्रत्येक पिकाशी जुळत नाही. मोहरी, कोबी, फुलकोबी, पालक आणि बीट ही पिके मायकोरायझाशी नाते जोडत नाहीत, तरीही फुलकोबीला मायकोरायझा विकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. ज्या मातीत स्फुरद मुबलक उपलब्ध आहे तेथेही झाड या बुरशीला फारसे जवळ करत नाही, कारण गरज नसताना साखर खर्च करायला तेही तयार नसते.

सोयाबीनसाठी मात्र पहिला खर्च कशावर करावा याचे उत्तर मी न अडखळता देतो. पेरणीआधी सावलीत बसून एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम ब्रॅडिरायझोबियम (सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि ५ ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळावेत आणि ते बियाणे लगेच पेरावे. उन्हात ठेवलेले पाकीट किंवा मुदत संपलेले जिवाणू-संवर्धन म्हणजे नुसती काळी भुकटी. माळव्यात सोयाबीन अनेक दशकांपासून घेतले जात असल्याने पुष्कळ शेतांत हे जिवाणू आधीच असतात, तरी उन्हाळ्यात तापणाऱ्या मातीत त्यांची संख्या घटते, आणि संवर्धनाचा खर्च इतका थोडा आहे की तो टाळण्यात काही शहाणपण नाही.

काम झाले की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी वाफसा असताना एखादे झाड तपासावे, पण ते उपटू नये, कारण उपटले की गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने बाजूची माती मोकळी करून झाड ढेकळासकट उचलावे, बादलीतील पाण्यात हळूच हलवून धुवावे आणि मुख्य मुळावरील जाडशी गाठ नखाने किंवा ब्लेडने मधोमध कापावी. आतून ती गुलाबी-लाल दिसली तर गाठ काम करत आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, जो आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा नातलग आहे आणि ज्यात लोह असते. गाठ पांढरी असेल तर ती अजून कच्ची किंवा निकामी आहे, आणि हिरवट-तपकिरी असेल तर तिचे काम संपले आहे. भाच्याने हे प्रथम केले तेव्हा तो बराच वेळ बोटाला लागलेला लाल डाग पाहत राहिला होता.

आता जीवामृताविषयी, कारण सेंद्रिय शेतीची चर्चा त्यावर आल्याशिवाय राहत नाही आणि तेथे हिशेब सर्वांत जास्त चुकतो. सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून दोन दिवस आंबवतात, आणि ते एका एकराला देतात. त्यात नत्र किती येते ते कागदावर मांडू. शेणातून सुमारे ३० ते ४० ग्रॅम, दहा लिटर गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम, बेसनाच्या प्रथिनांतून ७० ग्रॅमच्या आसपास. सारे मिळून साधारण २०० ग्रॅम. हंगामात चार वेळा दिले तरी नत्र एक किलोही भरत नाही. एकरी १५ क्विंटल गहू देणारे पीक दाणे आणि काड मिळून जमिनीतून ३५ ते ४० किलो नत्र उचलते. एवढी तफावत असताना ‘जीवामृत हेच खत’ असे म्हणणाऱ्याच्या शेतात नत्र येते ते आधीच्या द्विदल पिकातून, मातीतील सेंद्रिय पदार्थातून किंवा जुन्या साठ्यातून, आणि तो साठा संपला की तिसऱ्या-चौथ्या वर्षी गहू पिवळा पडू लागतो. जीवामृत निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मातीतील सूक्ष्मजीवांना गूळ-बेसनाचा खुराक देऊन सेंद्रिय पदार्थाचे विघटन हलते ठेवणे हे त्याचे काम आहे, म्हणजे ते जैव उत्तेजक आहे. विघटन होण्यासाठी आधी जमिनीत विघटनाला काही असावे लागते.

ते असण्याची विद्या याच शहरात घडलेली आहे, आणि इंदूरकराला त्याचा थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले, आणि १९३१ पर्यंत त्यांनी येथे कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९३१ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचे सहलेखक यशवंत वाड होते, हे आपल्याकडेही फारसे कोणाला आठवत नाही. कपाशीच्या पळाट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचायच्या, त्यात तण, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख मिसळायची, खड्ड्यात ओलावा सांभाळून तीनदा उलथापालथ करायची आणि तीन महिन्यांत खत तयार करायचे, असा तो क्रम होता. पुढे हॉवर्ड मायकोरायझाचा मोठा पुरस्कार करू लागले, पण त्यांनी कधी ती बाटलीत भरली नाही. चांगले कुजलेले खत मातीत असले की ती आपोआप नांदते, असे ते मानत.

या खताचाही हिशेब करू. साधारण अर्धा टक्का नत्र असलेले शेणखत एकरी ५ टन टाकले तर २५ किलो नत्र जमिनीत जाते, आणि त्यातील सुमारे एक-तृतीयांश पहिल्या हंगामात मिळते. उरलेले पुढच्या वर्षांसाठी राहते. त्याच्या जोडीला द्विदलाची फेरपालट असली की जमिनीच्या ताटात पोहे वाढले गेले, असे म्हणता येते. जैव उत्तेजक त्यानंतर.

बाजाराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी २०२५ च्या जुलैमध्ये सांगितले की देशात एके काळी सुमारे ३०,००० जैव उत्तेजके बेधडक विकली जात होती, ती आधी ८,००० वर आणि तपासणी कडक झाल्यावर ६५० च्या आसपास आली. पूर्वीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रांची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. म्हणून बाटलीवर खत नियंत्रण आदेशाखालील नोंद, घटकांचे प्रमाण आणि कोणत्या पिकासाठी मंजुरी आहे ते पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. सेंद्रिय शेतकऱ्याला एवढ्याने भागत नाही. सरकारी नोंद असलेले प्रत्येक उत्पादन सेंद्रिय प्रमाणीकरणात चालतेच असे नाही, तेव्हा वापरण्याआधी आपल्या प्रमाणीकरण संस्थेची लेखी संमती घ्यावी. काही बाटल्यांचा ‘तीन दिवसांत काळोखी’, म्हणजे पानांचा गर्द हिरवेपणा, हा चमत्कार छुप्या संजीवकातून किंवा कीडनाशकातून आलेला असतो. कायद्याने जैव उत्तेजकात कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.०१ भागापेक्षा) जास्त चालत नाही. तो शेतमालात सापडला तर तीन वर्षांची मेहनत एका अहवालात वाया जाते. भाच्याच्या बाटलीवर नोंद क्रमांक होता, मंजूर पिकांत सोयाबीन नव्हते. ती त्याने परत केली आणि नोंद असलेला शैवाल अर्क प्रमाणीकरण संस्थेला विचारून घेतला.

मग आम्ही खरिपात एका एकराचे चार पट्टे पाडले. पहिल्यात काहीच नाही, दुसऱ्यात फक्त बीजप्रक्रिया, तिसऱ्यात बीजप्रक्रिया आणि फुलोऱ्याआधी शैवाल अर्काची फवारणी, चौथ्यात बीजप्रक्रिया आणि त्याच दिवशी तेवढ्याच साध्या पाण्याची फवारणी. हा पाण्याचा पट्टा भाच्याला प्रथम वेडेपणा वाटला होता, पण पानांवर पडलेल्या नुसत्या ओलाव्यानेही पीक तरतरीत दिसते आणि श्रेय बाटलीला जाते. मळणीच्या दिवशी पोती वेगवेगळी बांधून घरच्या काट्यावर तोलली. बीजप्रक्रियेच्या तिन्ही पट्ट्यांत गाठी भरपूर होत्या आणि वजनही पहिल्यापेक्षा स्पष्ट जास्त भरले. शैवालाच्या आणि साध्या पाण्याच्या पट्ट्यांत फरक निघाला तो सहा किलोंचा, आणि शैवालाचा पट्टा नाल्याकडच्या खोल मातीत होता. भाचा म्हणाला, “मामा, हे सहा किलो बाटलीचे की नाल्याचे?” म्हणून रब्बीत हरभऱ्याला पट्ट्यांच्या जागा उलट केल्या आहेत. घाटे आता धरू लागले आहेत. तोलणे होईल होळीनंतर.